बोल्ट बसला म्हणजे जुळला असे नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रायफल नेमबाजीवरील आपल्या लेखात 'एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन रायफलींचे बोल्ट एकमेकींत बिनदिक्कत चालतात' असे वाक्य आहे. बोल्ट म्हणजे काडतूस आत ढकलून मागून बंद करणारा, दांडीने फिरवायचा सरकता भाग. चालतात म्हणजे सरकतात, दांडी खाली बसते, चाप ओढला की खटका पडतो, इतके खरे. पण ते वाचून कोणी कपाटातले बोल्ट आलटूनपालटून लावू लागले, तर प्रकरण डोळ्यावर बेतेल. म्हणून हे पत्र.

बोल्टचे तोंड आणि चेंबरमध्ये, म्हणजे बॅरलच्या मागच्या टोकाच्या कप्प्यात, काडतूस जिथे अडते ती जागा, या दोहोंमधल्या अंतराला हेडस्पेस म्हणतात. .३०८ विंचेस्टरसारख्या काडतुसात ते पुंगळी (पितळी कवच) जिथे निमुळती होते त्या खांद्यापर्यंत मोजतात, .३०३ आणि .२२ मध्ये बुडाच्या बाहेर आलेल्या काठाच्या जाडीवर. ते तपासायला काडतुसाच्या आकाराची पोलादी मापे, म्हणजे गेजे, वापरतात. .३०८ चे अमेरिकी मापाचे 'गो' गेज १.६३० इंच, 'नो-गो' १.६३४ आणि 'फील्ड' १.६३८ इंच असते. म्हणजे चांगली रायफल आणि बाद रायफल यांच्यात फरक अवघा आठ थाऊंचा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), मिलिमीटरच्या एक पंचमांशाइतका. लग म्हणजे बोल्टला रायफलीच्या सांगाड्यात (रिसीव्हरमध्ये) अडकवणारे दात. दोन बोल्टांच्या लगांची झीज आणि घडणीतली तफावत मिळून एवढा फरक सहज पडतो, आणि तो हाताला कळत नाही.

अंतर जास्त असले की काय होते ते नीट समजून घ्यावे. फायरिंग पिनच्या ठोक्याने काडतूस आधी पुढे ढकलले जाते. दाब वाढला की पुंगळीचा पातळ पुढचा भाग चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटतो. जाड बूड मात्र मागे सरकत बोल्टच्या तोंडावर आदळते. या ओढाताणीत पितळ बुडाच्या थोडे पुढे ताणले जाऊन पातळ होते. बाहेरून तिथे चकचकीत कडे दिसते. आतून वाकवलेली बारीक तार फिरवली की खाच लागते. तीच पुंगळी पुन्हा भरून वापरली तर बूड तुटून वेगळे होते आणि तापलेला वायू नेमबाजाच्या तोंडाकडे येतो. दाब कमी असलेल्या काडतुसात प्रायमर (बुडातली ठिणगीची टोपी) थोडा बाहेर आलेला दिसतो, तीही याचीच खूण. उलट अंतर कमी असले तर दांडीला जोर लावावा लागतो, लग पूर्ण गुंतत नाहीत, आणि स्वयंभरण रायफलीत बोल्ट मिटण्याआधीच अडतो.

तपासणी परवानाधारक गनस्मिथकडूनच व्हावी, पण तो ती नीट करतो आहे की नाही हे मालकाला कळले पाहिजे. रायफल रिकामी असल्याची खात्री झाल्यावर बोल्टमधून फायरिंग पिन, एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढणारा आकडा) आणि इजेक्टर (ती बाहेर फेकणारा खटका) काढावेत. इजेक्टरची स्प्रिंग गेजला तिरके ढकलते आणि बोटाला चुकीचा अंदाज येतो. चेंबर आणि लगांच्या खाचा पुसून कोरड्या कराव्यात. काजळी किंवा ग्रीसचा थर दोन थाऊ सहज खातो. मग 'गो' गेज ठेवून दांडी एका बोटाने खाली सोडावी. ती पूर्ण बसली पाहिजे. 'नो-गो'वर ती वाटेतच थांबली पाहिजे. इथे जोर अजिबात लावू नये. दांडी फिरवताना लगांच्या उतारामुळे मिळणारी ताकद इतकी असते की कडक गेजवर बोल्ट दाबून बसवता येतो, आणि मग लगही खराब, निकालही खोटा. वापरातली रायफल 'नो-गो' गिळते पण 'फील्ड'वर अडते, तर ती लक्ष ठेवून चालवता येते. 'फील्ड'वरही मिटली तर त्या जोडीने एकही गोळी झाडू नये. अमेरिकी, युरोपीय आणि लष्करी पद्धतींची गेजे एकमेकांत मिसळू नयेत. गेजऐवजी कारखान्याचे काडतूस लावून 'बसतंय की' म्हणणे ही तपासणी नव्हे. काडतुसे मुद्दाम चेंबरपेक्षा आखूड बनवलेली असतात.

एक फसवी गोष्ट हमखास राहून जाते. बोल्टचे नाक आणि बॅरलचे मागचे तोंड यांत साधारण पाच ते दहा थाऊंची मोकळीक हवी. नाक बॅरलला टेकत असेल तर 'नो-गो' अडतो खरा, पण गेजमुळे नव्हे. नाकावर मार्किंग ब्लू (टेकल्याची खूण दाखवणारा निळा रंग) लावून पाहिले की लगेच कळते.

अचूकतेचा प्रश्न मात्र हेडस्पेसवर संपत नाही. दोन लगांपैकी एकच टेकत असेल तर झाडताना बोल्ट एका बाजूला झुकतो, पुंगळीचे बूड तिरके होते आणि गोळ्यांचा गट फाकतो. लगांच्या मागच्या बाजूला ब्लू लावून, बोल्टला मागे दाब देत पाचसहा वेळा उघडमीट करावी. रंग दोन्हीकडून सारखा पुसला गेला पाहिजे. नसेल तर लॅपिंग करतात, म्हणजे लग बारीक घासून सारखे टेकवतात. लगावरून जितके थाऊ घासले तितका हेडस्पेस वाढतो, म्हणून आधी लॅपिंग आणि मग गेज. उलट क्रमाने केलेले काम फुकट जाते. जुन्या माउझरमध्ये कडक थर वरवरचा असतो. तो घासून गेला की मऊ पोलाद दबत जाते आणि अंतर दर गोळीला वाढते. अशा रायफलीला हात न लावलेला बरा.

वाढलेले अंतर कमी करायला रिसीव्हरमध्ये आट्यांनी बसवलेली बॅरल मागे घ्यावी लागते. इंचाला १६ आटे असतील तर पूर्ण फेऱ्याला साडेबासष्ट थाऊ, म्हणजे पाच थाऊंसाठी जेमतेम २९ अंश. पण तेवढेच फिरवले तर बॅरलवरची माशी तिरकी होते, आणि १९०३ च्या स्प्रिंगफिल्डसारख्या रायफलीत एक्स्ट्रॅक्टरची खाचही सरकते. म्हणून पूर्ण एक आटा मागे घेऊन चेंबर रीमरने (कोरण्याच्या हत्याराने) पुन्हा खोल करतात. सॅव्हेज रायफलीसारख्या, नटने घट्ट केलेल्या बॅरलला हा त्रास कमी.

थ्री-नॉट-थ्रीची गोष्ट वेगळी. नंबर ४ ली-एनफिल्डचे बोल्टचे डोके सुटे असते आणि त्यावर ० ते ३ आकडा असतो. आकडा वाढला की डोके काही थाऊंनी लांब. त्यामुळे हेडस्पेस डोके बदलून आवरतो, पण त्याने बोल्टच्या धडाचे लग नव्या रायफलीत आपोआप टेकत नाहीत. मोठे डोके हा झिजलेल्या लगांवरचा इलाज समजणे चूकच.

स्पर्धेच्या .२२ मध्ये धोका कमी, पण गुणांवर परिणाम सर्वाधिक. तिथे किमान हेडस्पेस ०.०४३ इंच. काडतुसाचा काठ सैल राहिला की पिनच्या ठोक्यातली थोडी शक्ती काडतूस पुढे ढकलण्यातच जाते, दारू प्रत्येक वेळी सारखी पेटत नाही आणि मधूनच एखादी गोळी गटाबाहेर पडते. नेमबाज बिचारा आपल्या श्वासाला दोष देत बसतो.

बोल्ट आणि रिसीव्हरचे क्रमांक जुळतात यावरही विसंबू नये. ऐंशी वर्षे वापरलेली, क्रमांक जुळणारी जोडी बाद ठरू शकते आणि न जुळणारी गेजवर उत्तीर्ण होऊ शकते. क्रमांकाचा उपयोग तपासलेली जोडी पुन्हा विस्कटू नये यासाठी. एकाहून अधिक रायफली एकत्र ठेवल्या जातात तिथे साफसफाईला एका वेळी एकच बोल्ट बाहेर काढावा, आणि बोल्टवर क्रमांक नसेल तर दांडीच्या खालच्या बाजूला विद्युत लेखणीने रायफलीच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे कोरून घ्यावेत. लगांवर किंवा बोल्टच्या तोंडावर कोरू नयेत.

आपले,
रायफल दुरुस्तीच्या कामातील काही वाचक