‘येस मॅम’

लष्कर, ग्वाल्हेर
१२ जानेवारी

चि. रेवा हिस अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू रडलीस आणि मी नेहमीसारखं "होतं असं, झोप आता" म्हणून फोन आईच्या हातात दिला. तिनं नंतर मला चांगलंच सुनावलं. सीटी स्कॅनच्या ज्या खोलीत तुम्ही जन्म काढलात त्या खोलीतलं पोरगी विचारतेय, आणि तुम्ही झोप म्हणता? खरं आहे तिचं. फोनवर मला सुचत नाही, कागद पुढ्यात असला की सुचतं. पानांचे फोटो काढून व्हॉट्सॅपवर टाकतोय. अक्षर लागलं नाही तर आईला विचार, चाळीस वर्षं तीच लावतेय.

तुमच्या तिकडच्या, अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलातलं तू सांगितलंस त्यातलं माझ्या ध्यानात राहिलं ते एवढं: सत्तरी ओलांडलेला माणूस, व्हिएतनामच्या लढाईला जाऊन आलेला. छातीचा सीटी, कॉन्ट्रास्ट म्हणजे शिरेतून डाय देऊन. तू ॲलर्जी विचारलीस, किडनीसाठी क्रिएटिनिन बघितलंस, शुगरच्या गोळीचं विचारलंस. प्रत्येक प्रश्नाला ‘येस मॅम’ नाहीतर ‘नो मॅम’. सुई लावलीस, पट्टा बांधलास, हात डोक्यावर घ्यायला सांगितलेस आणि काचेमागं गेलीस. टेबल आत सरकलं मात्र, तो उठून बसला. सुई उपसून काढली, फरशीवर रक्त, आणि बूट हातात घेऊन बाहेर. तुमच्या वरिष्ठ बाई म्हणाल्या, चालायचंच, पुढचा घे. आणि तू म्हणालीस, "बाबा, त्यानं एकदाही सांगितलं नाही की त्याला त्रास होतोय."

त्याचं नाव-गाव मला सांगितलं नाहीस हे बरं केलंस. पण हे तुझं शेवटचं वाक्य मी आधी कुठंतरी वाचलंय. कुठं, ते पुढं सांगतो.

आपल्या घरात फौजेत कुणी नाही, हे तुला ठाऊक आहे. लष्कर हे गावच दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून १८१०च्या सुमारास उभं राहिलं, पण आपले पूर्वज त्या छावणीत दप्तर काखेत मारून आले, तलवार बांधून नव्हे. फौजी म्हणजे काय ते मला कळलं सीटीच्या टेबलावर. भिंड-मुरैनाकडची पोरं गावंच्या गावं भरतीला जातात, आणि म्हातारपणी मोतीबिंदू, दमा, प्रोस्टेट घेऊन ग्वाल्हेरला येतात. १ एप्रिल २००३ला माजी सैनिकांच्या उपचारांची ईसीएचएस योजना सुरू झाली. पुढं आमचं हॉस्पिटल तिच्या यादीवर आलं आणि पॉलिक्लिनिकची चिठ्ठी घेऊन ही मंडळी रोज यायला लागली. लांबून ओळखू यायची. नऊची वेळ दिली की साडेआठला हजर, दाढी घोटलेली, कागद तारखेवार लावून प्लॅस्टिकच्या पिशवीत. बाकावर टेकून बसायचे नाहीत. आम्हा टेक्निशियनांना असे पेशंट म्हणजे पर्वणीच वाटायची. हलायचे नाहीत, प्रश्न विचारायचे नाहीत, फिल्म स्वच्छ. मी तर रिसेप्शनला सांगून ठेवलं होतं, गर्दीच्या वेळी फौजी आधी पाठवत जा, पटकन होतात.

एकदा तोफखान्यातले एक रिटायर सुभेदार आले. पोटाचा सीटी. मी सवयीनं म्हणालो, "दोनों हाथ सिर के ऊपर." त्यांनी घेतले आणि छताकडं बघत म्हणाले, "सरेंडर करा रहे हो, डॉक्टर साब?" मी हसलो, तेही हसले. टेबल आत गेलं आणि मग ते हसणं माझ्या घशात अडकलं. रोज वीस-पंचवीस माणसांचे हात मी डोक्यावर घेववत होतो, कारण दंडाची हाडं मध्ये आली तर पोटाच्या चित्रावर पट्टे उमटतात आणि किरणही जास्त लागतात. पेशंटला मात्र मी फक्त हुकूम सोडत होतो, कारण सांगत नव्हतो. आणि हात वर म्हणजे काय, हे ज्याला आयुष्यभर शिकवलंय त्याला मी वर पट्ट्यानं बांधत होतो आणि काचेआडून माइकवर बोलत होतो.

तुझा तो माणूस कशामुळं उठला, मला काय माहीत. कदाचित नुसता श्वास कोंडला असेल, नाहीतर लघवीला लागली असेल! पण पुढच्या वेळी हात वर घ्यायला लावण्याआधी ते का, हे एका वाक्यात सांग. पट्टा तुम्ही पडू नये म्हणून आहे, नको असेल तर तसं म्हणा, असंही सांग. नाहीच जमलं तर रेडिओलॉजिस्टला विचारून एकच हात वर किंवा दोन्ही खाली ठेवून काढतात, तुला माहीतच आहे. चित्र थोडं खराब येईल. रिकाम्या टेबलापेक्षा बरं.

आता ते वाक्य.

२००९ची गोष्ट, असाच जानेवारी, मेळ्याचे दिवस. हवालदार होते, पायदळातले. वय शहात्तर, हात वाळक्या शेंगेसारखे. पहिल्या खेपेला शीर निसटली, दुसऱ्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला मिळाली. सलाईन ढकलून बघितलं, गेलं. इंजेक्टर लावला, डाय ऐंशी मिली, सेकंदाला तीन. मी त्यांना म्हणालो, "बाबूजी, अब हिलना मत, बोलना मत." डाय सुरू झाल्यावर पहिले काही सेकंद सुईपाशी बोटं ठेवून उभं राहायचं, फुगतंय का बघायचं आणि मग किरण सुरू होण्याआधी बाहेर पडायचं, हे मी कितीतरी पोरांना शिकवलेलं. त्या दिवशी काचेमागं फोन वाजत होता. कुणाची तरी फिल्म हवी होती. मी बटण दाबलं आणि फोन घ्यायला गेलो.

पडद्यावर महाधमनी पांढरीशुभ्र दिसायला हवी, ती राखाडीच. दुसऱ्या चित्रात राखाडी, तिसऱ्यात राखाडी. मी आत धावलो. कोपरापासून मनगटापर्यंत हात टरारून फुगलेला, कातडी ताणून चकाकत होती, सुईवरची चिकटपट्टी त्यात रुतलेली. ते छताकडं बघत होते. डोळ्यांच्या कडेनं पाणी कानापर्यंत ओघळलेलं, पण तोंडातून आवाज नाही.

"दर्द नहीं हुआ?"

"हुआ."

"तो बोले क्यों नहीं?"

"आपने कहा था, बोलना मत."

हात उंच धरला, बर्फाच्या पिशव्या लावल्या, सर्जनना बोलावलं. बोटांना स्पर्श कळतोय का, नाडी लागतेय का, हे दर अर्ध्या तासानं मीच बघत बसलो. नशीब चांगलं, फोड आले नाहीत, तीन दिवसांत सूज उतरली. तपासणी आठवड्यानं पुन्हा झाली. त्यांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही. उलट जाताना, मला कष्ट पडले म्हणून, त्यांनीच माझी माफी मागितली.

संध्याकाळी ऑफिसातून रजिस्टर आलं. त्यात आधीच लिहून ठेवलं होतं: ‘रुग्णाने वेदना होत असल्याचे कळवले नाही.’ मला म्हणाले, सही करा, उगाच वाढवू नका. तुझी बारावी होती, हप्ते चालू होते. मी सही केली. खोटं काहीच नव्हतं ना त्यात, त्यांनी खरंच कळवलं नव्हतं. ते रजिस्टर एव्हाना रद्दीत गेलं असेल, पण तू रविवारी तेच वाक्य इंग्रजीत म्हणालीस आणि मी फोन आईकडे दिला. झोप वगैरे सगळं निमित्त.

त्यानंतर मी पुढची दहा वर्षं काय केलं ते सांगतो, त्यातलं तुला घेण्यासारखं असेल ते घे. ‘दुखतंय का?’ हा प्रश्न सोडून दिला. त्याला फौजी ‘नहीं’च म्हणतो. त्याऐवजी विचारायचं, आता हातात काय जाणवतंय, गार, गरम, की ताण? मग ते नीट रिपोर्ट देतात. डाय जाताना अंगभर ऊब येईल, तोंडात लोखंडासारखी चव येईल, लघवी झाल्यासारखं वाटेल पण झालेली नसेल, हे आधी सांगायचंच. न सांगता ते झालं तर म्हातारा माणूस शरमेनं मेल्यासारखा होतो. आणि शेवटचं, ते मला भलतंच लागू पडलं: "बाबूजी, तकलीफ़ हो तो बताना है, ये ऑर्डर है." एका नायब सुभेदारांनी तर हा हुकूम इतका मनावर घेतला की दर दहा सेकंदांनी आतून खणखणीत आवाज, "कोई तकलीफ़ नहीं, साब!" त्या स्कॅनमध्ये श्वास काही धरला गेला नाही. पुन्हा काढावा लागला.

श्वासाचंही बघ. तूच मागं सांगितलं होतंस की तुमच्या खात्यात माजी सैनिकांची सर्वांत जास्त नोंदलेली तक्रार म्हणजे कानात सतत घुमणारा आवाज. मग मशीनमधल्या रेकॉर्डच्या बाईनं ‘श्वास रोखा’ म्हटलेलं त्यांना ऐकू जाईल, हे आपण धरून कसं चालतो? गँट्री, म्हणजे मशीनचं ते मोठं कडं, फिरायला लागली की घरघर वेगळीच. मी टेबलाशेजारी उभा राहून दोनदा तालीम घ्यायचो, माझा हात वर गेला की श्वास आत, काचेतून तोच हात दाखवायचा. तोफखानावाले तर हातच बघायचे, माइककडं लक्ष नसे त्यांचं.

आणि टोपोग्रामवर, म्हणजे स्कॅनआधीच्या साध्या चित्रावर, तांदळाच्या दाण्याएवढं काही लख्ख पांढरं दिसलं, किंवा कापांमध्ये त्याच्याभोवती चांदणीसारखे किरण फुटलेले असले, तर विचारायचं. एकांना मी विचारलं तर म्हणाले, "ये? ये तो पैंसठ का है," म्हणजे पासष्टच्या लढाईतला, जणू अंगणातला दगड. फॉर्मवर ‘शरीरात धातू: नाही’ असं स्वतःच्या हातानं लिहिलेलं. सीटीला त्याचं काही नाही, चित्र बिघडतं एवढंच. पण त्याच दुपारी त्यांची एमआरआय होती. लोखंडाचा छर्रा आणि एवढं मोठं चुंबक! मी पळत जाऊन तिकडच्या पोराला थांबवलं.

तू म्हणालीस, मी नुसती बटणं दाबते. यावर मला सीटीचं मशीन बनवणारे हाउन्सफील्डसाहेब आठवतात. दिवसभर ज्यांच्या नावाचे आकडे वाचतेस, पाणी शून्य, हवा उणे हजार, ते दुसऱ्या महायुद्धात रॉयल एअर फोर्समध्ये होते, रडारचं शिकवायचे. म्हणजे तुझ्या वेटिंग रूममध्ये बसले असते तर शोभले असते. विद्यापीठाची पदवी नाही, नुसता डिप्लोमा, तुझ्या बापासारखा (साम्य तिथंच संपतं, त्यांना १९७९ला नोबेल मिळालं). १ ऑक्टोबर १९७१ला लंडनमध्ये विम्बल्डनच्या एका हॉस्पिटलात पहिल्या पेशंटच्या डोक्याचा स्कॅन झाला. एकेक काप घ्यायला मिनिटंच्या मिनिटं लागायची. तेवढा वेळ त्या बाईला हलू नका म्हणून सांगणारं, घाबरली असेल तर समजावणारं कुणीतरी तिथं उभं असणारच. तो तुझा पूर्वज. सॉफ्टवेअरनं आता बाकी सगळं आपसूक होतं, कोन, डोस, सगळं. बटण तर उद्या तेही दाबेल. कोपरापाशी हात कोण ठेवणार?

तुमच्याकडं २०२२च्या त्या नव्या कायद्यानंतर लढाईच्या मुलखात कचरा जाळायच्या खड्ड्यांशेजारी, धुरात राहिलेले तरुण सैनिकही येतात म्हणालीस. फुप्फुसांच्या तपासणीचे कमी डोसचे सीटीही बरेच असतात. त्यात सुई नाही, डाय नाही, पाच मिनिटांत माणूस मोकळा. तिथं वाचलेली मिनिटं म्हाताऱ्यांवर खर्च कर. वरिष्ठ बाईंनी वेळेवरून टोकलं तर भांडू नकोस. रिपीट स्कॅन किती कमी झाले, ते महिन्याच्या शेवटी दाखव. ऑफिसला माणूस कळत नाही, आकडा कळतो. हे मला वेळेत कळलं असतं तर मी त्या रजिस्टरवर निदान एक ओळ आपल्या हातानं वाढवली असती, की फोन घ्यायला कोण गेलं होतं.

इकडं थंडी मरणाची आहे. मेळ्याला आम्ही एकदाच गेलो, आईचे गुडघे दुखतात म्हणून पाळण्यांपर्यंत न जाता भांड्यांच्या दुकानांवरूनच परतलो. परवा संक्रांत. मुरैनाची गजक आणि तिळाच्या वड्या कुरियरनं पाठवल्यात, पोचेपर्यंत चुरा होईल, तरी खा. डोसबॅज, तो किरण मोजणारा बिल्ला, लावून फिरतेस ना? मी पुष्कळदा ड्रॉवरमध्ये विसरायचो, तो वसा घेऊ नकोस.

त्या म्हाताऱ्यांना पुन्हा वेळ दिली आहे का, ते कळव. दिली असेल आणि तुझ्या पाळीत नसेल, तर पाळी बदलून घेता येते का बघ.

तुझा,
बाबा