पेशीची आकृती पुस्तकातून नको, काचपट्टीवरून हवी

संपादक महोदय,

शाळांच्या प्रयोगवह्यांत कांद्याच्या पेशीच्या आकृतीत गॉल्गी पिंड, तंतुकणिका हे पेशीतले अतिसूक्ष्म भाग, कधी कधी पानांना हिरवा रंग देणारी हरितलवकेसुद्धा काढलेली असतात. शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून गॉल्गी पिंड दिसत नाही आणि जमिनीखाली पोसणाऱ्या कांद्याच्या आतल्या पापुद्र्यात हरितलवके नसतात. म्हणजे आकृती पुस्तकातून उतरवलेली, तरी खाली शिक्षकांची सही! कोल्हापूर जिल्ह्यातल्या विज्ञान शिक्षकांना कळकळीची विनंती आहे, की विकतच्या स्लाइडवर तास उरकू नका. प्रत्येक मुलाला स्वतःची स्लाइड करू द्या आणि जे दिसेल तेच काढायला लावा.

पापुद्रा पाकळीच्या आतल्या, खोलगट बाजूचा घ्यावा. पाकळी मोडून चिमट्याने ओढला की अलगद सुटतो. तो लगेच पाण्यात टाकावा, नाहीतर गुंडाळी होते. ५ मिलिमीटरचा तुकडा पुरतो; मोठा तुकडा दुमडतो आणि पेशींवर पेशी चढलेल्या दिसतात. आयोडीन एकच थेंब. कव्हर स्लिपची (वर झाकायच्या पातळ काचेची) एक कड टेकवून दुसरी सुईवर तोलत हळूहळू खाली आणावी. सपाट टाकली तर हवा अडकते आणि जाड काळ्या कडेचे गोल बुडबुडे मुले पेशी समजून काढतात.

गालाच्या पेशींचा प्रयोग फसतो तो बहुधा उजेडामुळे. चूळ भरून टूथपिकच्या बोथट टोकाने गाल आतून हलकेच खरवडावा. अर्धा लिटर पाण्यात साडेचार ग्रॅम मीठ विरघळवून त्याच्या थेंबात खरवडून निघालेला साका पातळ पसरावा. जाड थरात नुसते गठ्ठे दिसतात. मेथिलीन ब्लू या निळ्या रंगाचा थेंब दोन मिनिटे ठेवून जादा रंग टिपकागदाने ओढून घ्यावा. या पेशी जवळजवळ पारदर्शक, म्हणून डायफ्रॅम (उजेड कमी-जास्त करणारी झडप) थोडा मिटवावा. तो पूर्ण उघडा ठेवला की सगळे धुऊन निघाल्यासारखे पांढरे दिसते आणि चांगली स्लाइड फेकली जाते. टूथपिक प्रत्येकाची वेगळी आणि वापरल्यावर थेट जंतुनाशकात.

सुरुवात नेहमी १० पटीच्या वस्तुभिंगाने (स्लाइडकडच्या भिंगाने) करावी. बाजूने पाहत भिंग स्लाइडजवळ आणायचे, मग आयपीसमधून (डोळ्याकडच्या भिंगातून) पाहत दूर न्यायचे. उलट केले की काच फुटते. ४५ पटीच्या वस्तुभिंगावर भिंग झपाट्याने सरकवणाऱ्या मोठ्या स्क्रूला हात लावू नये.

स्लाइडच्या जागी पारदर्शक मोजपट्टी ठेवली तर दृष्टिक्षेत्राची, म्हणजे आत दिसणाऱ्या गोलाची, रुंदी कळते. ती १.८ मिलिमीटर भरली आणि कांद्याच्या सहा पेशी लांबीने त्यात मावल्या, तर एक पेशी ०.३ मिलिमीटर. सातवी-आठवीच्या मुलांना हे गणित सहज जमते. आकृतीशेजारी ते मापही लिहून घ्यावे.

आणखी एक, आपल्या पावसाळ्यापुरते. दमट हवेत लाकडी पेटीत बंद ठेवलेल्या भिंगांवर बुरशी धरते आणि ती काच खाते. मग कितीही पुसा, चित्र धूसरच येते. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, त्या ओलावल्या की गरम करून पुन्हा वापराव्यात आणि जून ते सप्टेंबर सूक्ष्मदर्शक दर आठवड्याला बाहेर काढावा.

– एक विज्ञान शिक्षक, कोल्हापूर