तुम्ही म्हणाला होतात, "आधी समजावू, मग विचारू"

माननीय मंत्रिमहोदय यांस,
सविनय नमस्कार.

नारळी पौर्णिमेला आपण आमच्या बंदरावर आला होतात. आपल्या हातून नारळ समुद्राला गेला आणि मग मांडवात उभं राहून आपण म्हणालात, "किनाऱ्याचा नवा नकाशा येतोय. घाबरू नका. आधी तो मराठीत तुमच्या ग्रामसभेत समजावून सांगू, मग तुमच्या हरकती विचारू." किनाऱ्यावर कुठे काय बांधता येईल आणि काय नाही, हे ठरवणारा तो नकाशा. मी पुढच्या रांगेत बसले होते. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते.

ती ग्रामसभा झालीच नाही. गेल्या मंगळवारी थेट जिल्ह्याच्या ठिकाणी जनसुनावणी झाली. दोन वडापच्या गाड्या करून आम्ही एकोणीस जण गेलो. त्या दिवशी आमच्या वाडीतल्या चार होड्या किनाऱ्यालाच राहिल्या. दारात उपस्थितीपत्रकावर सह्या घेतल्या आणि आत पडद्यावर नकाशा लावला. सगळा इंग्रजीत. लाल रेघ, पिवळी रेघ, एचटीएल, एनडीझेड, सीआरझेड तीन-ब. वीस मिनिटांत रेघा संपल्या. आमच्या वाडीतले सर्वांत जुने तांडेल उठून म्हणाले, "साहेब, ह्यात आमचं गाव कुठं हाय?" साहेबांनी लाल ठिपका फिरवला. जिथे थांबवला, तिथे आमचं मासळीचं खळं आहे. माझ्या सासूच्या सासूपासून तिथे बोंबील वाळतायत, पावसाळ्यात तिथेच होड्या शाकारून ठेवतात. नकाशात ती जागा कोरी होती. विचारलं, तर उत्तर आलं, "वेबसाइटवर सगळं आहे, तिथे हरकत नोंदवा."

मंत्रीसाहेब, मी अंगणवाडी सेविका आहे, बावीस वर्षं. गावात कुठलाही सरकारी कागद आला की माझ्याकडे येतो. "बाय, ह्यात काय लिवलंय?" पीकविमा, रेशन, घरकुल, डिझेलचा परतावा, सगळं मी वाचून सांगते. याचे मला पैसे मिळत नाहीत आणि मी मागतही नाही. पण नकाशासोबतची मराठी सूचना मी तीनदा वाचली आणि मलाही कळली नाही. "उच्चतम भरती रेषेपासून ना-विकास क्षेत्राच्या अनुज्ञेय मर्यादेत." ही मराठी कोणाशी बोलायची आहे?

आणि ती गोष्ट खरं तर अवघड नाहीच. उधाणाच्या भरतीचं पाणी जिथपर्यंत येतं, ती एक रेषा, तुमची एचटीएल. आमच्याकडे कातळावर ती खूण पोरंही दाखवतील. त्या रेषेपासून जमिनीच्या बाजूला 500 मीटरपर्यंत काय बांधायचं आणि काय नाही, याचे नियम आहेत, तेच सीआरझेड. 1991 मध्ये पहिल्यांदा आले, 2011 मध्ये बदलले, 18 जानेवारी 2019 ला पुन्हा बदलले. दाट वस्तीच्या गावात पहिले 50 मीटर आणि विरळ वस्तीच्या गावात, म्हणजे तीन-ब मध्ये, पहिले 200 मीटर नवं बांधकाम नाही, तेच एनडीझेड. दाट म्हणजे 2011 च्या जनगणनेत दर चौरस किलोमीटरला 2161 माणसांहून जास्त. पण आधीपासून असलेल्या अधिकृत घराची दुरुस्ती आहे त्या जोत्यावर करता येते. आणि मुख्य म्हणजे 500 मीटरच्या आत नियम लागतात याचा अर्थ सरकार जमीन घेतं असा होत नाही. झालं. चहा निवायच्या आत मी हे तांडेलांना सांगितलं. तुमच्या खात्याला सहा वर्षांत हे सांगायला एक माणूस पाठवता आला नाही.

न सांगण्याने काय होतं, ते माझ्या घरात येऊन बघा.

माझ्या धाकट्या दिराची अकरा गुंठे नारळाची वाडी होती. त्याच्या मोबाइलवर निरोप आला, "500 मीटरच्या आतली घरं-वाड्या सगळी जाणार, भरपाई नाही." कोणी लिहिला देव जाणे. तो ग्रामपंचायतीत गेला, तिथे म्हणाले वरून काही आलेलं नाही. तहसीलला गेला, तिथे म्हणाले नकाशा अंतिम नाही. महिनाभर त्याला झोप नव्हती. मग एक दलाल आला, चांगले कपडे, चांगलं मराठी. त्याने नीट समजावलं, घरी बसून, दोनदा चहा घेऊन. त्याच्याकडे तुमच्याकडे नसलेला वेळ होता. दिराने वाडी दिली, चालू भावाच्या निम्म्यालाही नाही. मला सांगितलं ते खरेदीखत झाल्यावर. मी त्याच्यावर ओरडले आणि मग आम्ही दोघं पडवीत रडत बसलो. सासऱ्यांनी कावडीने पाणी घालून वाढवलेली झाडं होती ती. आज तिथे चिऱ्याचं कुंपण आहे आणि आत काय होणार ते आम्ही विचारायचं नाही.

आमच्या राहत्या घराचं तर काय सांगू. 3 जून 2020 ला निसर्ग वादळाने अर्धं छप्पर नेलं. पत्रे मिळाले, पण समुद्राकडची भिंत कलली होती, ती पाडून उभी करायची तर "सीआरझेडमध्ये आहे, परवानगी लागेल" असं उत्तर. परवानगी कोणाकडे? एकाने दुसऱ्याकडे, दुसऱ्याने तिसऱ्याकडे पाठवलं. घर अधिकृत आहे का, विचारतात. घर गावठाणातलं, घरपट्टीच्या पावत्या सासऱ्यांच्या पेटीत आहेत, कोळ्याच्या घराला आणखी कुठला कागद असतो? पाच पावसाळे ताडपत्रीवर काढले. सासू अंथरुणाला खिळलेली. वारा फिरला की तिची खाट आम्ही या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात ओढायचो. दुरुस्ती करता येते ही ओळ मला 2024 मध्ये पुतण्याने मुंबईहून वाचून दाखवली, इंग्रजीतून. सासू त्याच्या आदल्या वर्षीच गेली.

आणि त्याच नियमात हेही आहे की पुळणीवर पर्यटकांसाठी हंगामी शॅक भरतीरेषेपासून 10 मीटरवर उभी करता येते. ही ओळ मात्र आमच्या भागात सगळ्या हॉटेलवाल्यांना आधीपासून पाठ होती. त्यांना कोणी सांगितली?

हे तुमच्या एका खात्याचं नाही, मला माहीत आहे. मार्च 2020 मध्ये केंद्राने पर्यावरण परवानग्यांचे नवे नियम मसुदा म्हणून काढले, ते इंग्रजी आणि हिंदीत. 30 जूनला दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं की राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांत, म्हणजे मराठीतही, भाषांतर करा. सरकार भाषांतर करायच्या ऐवजी सर्वोच्च न्यायालयात गेलं. म्हणजे मराठीत सांगायला लागू नये म्हणून वकील लावले! पश्चिम घाटाचा माधव गाडगीळ समितीचा अहवाल ऑगस्ट 2011 मध्ये सरकारकडे गेला. गाडगीळ सांगत होते, लोकांच्या भाषेत करा, ग्रामसभांपुढे न्या. तो महिनोन्‌महिने दाबून ठेवला, माहिती अधिकाराच्या लढाईनंतर 2012 मध्ये बाहेर आला. तोवर "शेती बंद होणार, घर बांधता येणार नाही" हे गावोगाव पोचलेलं होतं. पुढे त्या अहवालाचा फेरविचार करायला कस्तुरीरंगन समिती आली, आणि 2014 पासून घाटातली कुठली गावं संवेदनशील क्षेत्रात येणार हे सांगणारे सहा मसुदे निघाले. सहावा 31 जुलै 2024 चा, वायनाडला डोंगर कोसळला त्याच्या दुसऱ्या दिवशीचा. हरकतींना 60 दिवस. कोकणात त्या 60 दिवसांत लावणी आवरायची असते, श्रावण असतो आणि गौरी-गणपती असतात. हे मंत्रालयात कोणालाच ठाऊक नाही?

माहिती अधिकार कायद्याचं कलम 4 वाचा. महत्त्वाचं धोरण ठरवताना सगळी माहिती आपणहून प्रसिद्ध करायची आणि ती त्या भागातल्या भाषेत, तिथल्या लोकांना पोचेल अशा रीतीने द्यायची, असं त्यात आहे. 2005 चा कायदा. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठी अभिजात झाली, तेव्हा आम्ही अंगणवाडीत मुलांना साखर वाटली होती. तिला माझ्या घरावरून जाणारी रेषा सांगण्याइतकीही किंमत नसेल, तर त्या दर्जाचं आम्ही काय करायचं?

तुम्ही निवडणुकीचं पत्रक घरोघर मराठीत पोचवता, वाडीच्या शेवटच्या घरापर्यंत, भर पावसातही. तेव्हा रस्ता सापडतो.

मला काय हवंय ते लिहिते. आमच्या गावाचा मोठ्या मापाचा नकाशा मराठीत छापून द्या, ज्यावर घर न्‌ घर दिसेल. खळी, होड्या लावायच्या जागा, बर्फाचा कारखाना त्यावर दाखवायचा हे तुमच्याच नियमात लिहिलेलं आहे. तो आमच्या अंगणवाडीच्या भिंतीवर लावा. नियम जाणणारा एक अधिकारी दोन दिवस इथे बसवा, ओहोटीच्या वेळा बघून, म्हणजे माणसं येतील. त्यानंतर सुनावणी पुन्हा घ्या.

आणि मंगळवारच्या उपस्थितीपत्रकावर माझी सही आहे, चौदाव्या नंबरला. आमच्या एकोणीस जणांच्या सह्या जोडून "स्थानिकांशी विचारविनिमय झाला" असं कुठे लिहिलं जाणार असेल, तर हे पत्र त्या कागदाला जोडा. मी तिथे आले होते, एवढीच ती सही आहे.

आपली,
खाडीमुखाच्या वाडीतली एक अंगणवाडी सेविका