बेक्वेच्या टॅक्सीवाल्या ताईंस

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्हाला मराठी वाचता येत नाही, हे माहीत असूनही मराठीत लिहिते आहे. इंग्रजीत चार ओळी तुम्हाला आधीच पाठवल्या, पण त्या 'थँक यू'च्या पुढे फारशा सरकल्या नाहीत. आणि आईचं म्हणणं असं, की आभार मानायचे तर चारचौघांत मानावेत. आमचे चारचौघे मराठी. म्हणून हे उघड पत्र.

कॅरिबियन समुद्रातल्या तुमच्या बेक्वे बेटाला मोठी जहाजं धक्क्याला लागत नाहीत. आमचंही ॲडमिरल्टी बेमध्ये नांगर टाकून थांबलं आणि टेंडरनं, म्हणजे जहाजाच्याच छोट्या बोटीनं, आम्ही पोर्ट एलिझाबेथला उतरलो. आईचं पोट आदल्या रात्रीपासून बिघडलेलं. पण "एवढ्या लांब येऊन खोलीत लोळत पडू होय?" म्हणून ती हट्टानं निघाली. गुहागरची आहे, समुद्र दिसला की तिला धरून ठेवता येत नाही.

बदामाच्या झाडाखाली तुमच्या टॅक्स्या उभ्या होत्या. मागे बाक टाकलेले आणि वर छप्पर केलेले पिकअप ट्रक. मी घाईघाईनं भाव विचारायला सुरुवात केली. तुम्ही शांतपणे "गुड मॉर्निंग" म्हणालात आणि मी उलट म्हणेपर्यंत पुढे बोललाच नाहीत. ही तुमच्याकडची रीतच आहे, हे मला नंतर कळलं. मग माझी यादी ऐकून घेतलीत: हॅमिल्टनचा जुना किल्ला, ऑर्टन किंग यांनी १९९५ साली सुरू केलेलं कासवांचं केंद्र, होड्यांच्या प्रतिकृती घडवणारे कारागीर, प्रिन्सेस मार्गारेट बीच. बेट जेमतेम १८ चौरस किलोमीटर, वस्ती पाचेक हजार. सगळं सहज उरकेल, असा माझा हिशेब.

तुम्ही म्हणालात, "उरकेल की. पण तुमच्या आईनं आधी काहीतरी खायला हवं." आणि गाडी थेट तुमच्या घरी नेलीत.

ताई, मला सगळ्यात जास्त आभार मानायचेत ते यासाठी. तासांवर पैसे मिळवणाऱ्या माणसानं गिऱ्हाइकाला फिरवायचं सोडून ओट्यावर बसवावं, हा धंदा नव्हे.

तुम्ही आरारूटची पातळ लापशी केलीत, वर जायफळ किसून. आईनं पुडा हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाली, "अगं, हे तर आरारूट! आमची आजी पोट बिघडलं की हेच पाजायची." आता आपल्याकडे आरारूट म्हणून पुष्कळदा तवकीरच मिळते, ती हळदीच्या कुळातली. तुमचं आरारूट निराळं. सेंट व्हिन्सेंट हे तुमच्याच देशातलं मोठं बेट एके काळी त्यासाठी जगात पहिल्या क्रमांकावर होतं आणि कॉम्प्युटरच्या कागदासाठीसुद्धा ते पीठ खपायचं. हे तुम्ही ज्या अभिमानानं सांगितलंत, त्यावरून मला आमचे हापूसवाले आठवले. वाटीभर लापशी आईच्या पोटात टिकली, आणि तासाभरानं तिच्या तोंडावर रंग आला.

रंग आला तशी जीभही सुटली. अंगणातलं झाड तिनं बसल्या जागेवरून ओळखलं. "नीरफणस!" पुढचा तास मी नुसती दुभाषी. तुम्ही सांगितलंत, की ब्रिटिश आरमारातल्या कॅप्टन ब्लायनं १७९३ मध्ये ताहितीहून ही रोपं सेंट व्हिन्सेंटला आणली, ती मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात पोसता यावं म्हणून; आणि त्या लोकांनी सुरुवातीला ते फळ तोंडात धरलं नाही. आज भाजलेला नीरफणस आणि तळलेला जॅकफिश हे तुमचं राष्ट्रीय जेवण. आईनं हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काप करत नाही?" मग तिनं हातवारे करत तांदळाचं पीठ, तिखट, हळद, मंद आच असं सगळं समजावलं. तुम्ही ते बिलामागे लिहून घेतलंत.

तुमची पाण्याची टाकीही तिनं वाकून पाहिली. बेटावर नदी नाही, छपरावर पडलेला पाऊस टाकीत साठवायचा आणि वर्षभर पुरवायचा. पागोळ्यांखाली हंडे लावलेल्या बाईला यात नवल नव्हतं. तिला नवल वाटलं ते मचूळ चव नसल्याचं.

एका बाबतीत मात्र आपलं जुळलं नाही. तुमचे शेजारी व्हेलच्या शिकारीबद्दल बोलले. वर्षाला चार हंपबॅक, शिडाच्या होड्या, हातानं फेकायचा भाला, मांस गावात वाटायचं. आंतरराष्ट्रीय व्हेल आयोगाची तशी परवानगी आहे. मला ते पटलेलं नाही, आजही नाही. पण मी तसं म्हटल्यावर कुणी तोंड वाकडं केलं नाही, उलट आणखी चहा आला. हेही आभारांच्या यादीत धरा.

किल्ला राहिला, कासवं राहिली. शेवटी तुम्ही आम्हाला प्रिन्सेस मार्गारेट बीचवर नेलंत, आईला हाताला धरून पाण्यापर्यंत पोचवलंत, आणि शेवटच्या टेंडरच्या खूप आधी जेटीवर आणून सोडलंत. पैसे घेतलेत फक्त गाडी चालली तेवढ्याचे. जास्तीची नोट मी पुढे केली, तेव्हा आईनंच माझा हात मागे ओढला. "तिला वाईट वाटेल," म्हणाली. तुमचा चेहरा पाहून वाटलं, तिचं बरोबर होतं.

आता आईचा निरोप. ती गुहागरला परतली आहे आणि नीरफणस अख्खा निखाऱ्यावर भाजून बघते आहे. साल काळी होते, पण आतला गर तुमच्यासारखा कोरडा, पिठूळ होत नाही. फळ किती जून घ्यायचं, आणि देठ आधी काढायचा की नंतर, एवढं कळवा. कोकमं वाळत घातली आहेत. तुमच्या पत्त्यात पोर्ट एलिझाबेथ, बेक्वे एवढंच लिहून भागतं का, तेही सांगा, म्हणजे पुडा पाठवते.

तुमची,
लापशी खाल्लेल्या बाईंची मुलगी