जागलीवरचे वाचक

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन असो की 27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, भाषणांत एक वाक्य ठरलेलं असतं: मोबाइलनं खेड्यातलं वाचन संपवलं. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते आणि हे वाक्य मला दरवेळी टोचतं. आमच्या भागात पुस्तकांवर आज जेवढं बोललं जातं तेवढं मी आधी कधी ऐकलं नव्हतं, आणि ते सगळं मोबाइलवरच चालतं. व्हॉट्सॲपवर आम्हा वाचकांचा एक गट आहे. अंगणवाडीताई, कृषी केंद्र चालवणारे एक काका, शाळेतले मास्तर, एस.टी.चे एक वाहक, कापूस-तुरीची शेती करणारी बरीच मंडळी आणि पुण्याला नोकरीला गेलेली आमचीच काही पोरं त्यात आहेत.

गप्पांना रंग चढतो तो रात्री. हरभऱ्याला पाणी द्यायचं तर विजेची लाइन पुष्कळदा रात्रीच येते, आणि रानडुकरांपायी पीक राखायला जागलीला जाणं कोणाला चुकत नाही. मचाणावर बसलेला माणूस झोप लागू नये म्हणून पूर्वी रेडिओ लावायचा. आता तो कादंबरीवर भांडतो. व्हॉइस मेसेजमध्ये मत सांगणं चालू असतं, मध्येच डबा बडवल्याचा आवाज येतो, लांब कुठं तरी कुत्री भुंकतात, एक दणदणीत आरोळी होते, आणि मग पुन्हा शांतपणे, “तं म्या काय म्हनत होतो, त्या पोराले शेवटी मारून टाकाची काई गरज नोती लेखकाले.”

थट्टाही भरपूर चालते आणि लोकांचा आक्षेप नेमका तिच्यावरच आहे. “साहित्याची टिंगल चालते तुमच्याकडे,” असं एका जाणत्या गृहस्थांनी मला तोंडावर सुनावलं. म्हणून त्या थट्टेबद्दल जरा सविस्तर लिहिते.

परतीच्या पावसानं सोयाबीन भिजत होतं तेव्हा एका ताईनं लिहिलं: “शहरातल्या कथेत पाऊस आला का बाई चहा घेऊन खिडकीत बसते. आमच्या इकडं पाऊस आला का बाई ताडपत्री घेऊन गंजीवर चढते. आमच्यावर कथा लिहाची असन तं लेखकानं पयले ताडपत्रीचं दुसरं टोक धराव.” आम्ही पोट धरून हसलो. पण विषय तिथं संपला नाही. मास्तरांनी खिडकीतल्या बाईची बाजू घेतली. घरात कोंडलेली बाई खिडकीशी जाणार नाही तर कुठं जाईल, असं त्यांचं म्हणणं. त्यावर दुसरी म्हणाली, मग लेखकानं खिडकीबाहेरचं शेत आणि त्यात राबणारी बाईही दाखवायला हवी होती, दोघींनी एकमेकींकडे पाहिलं असतं तर ती कथा निराळी झाली असती. मराठी कथेतल्या बाईबद्दल इतकं मोकळं बोलणं मी कुठल्या परिसंवादात ऐकलेलं नाही.

वाहकभाऊंचं निरीक्षण तर त्यांच्या धंद्यातूनच आलेलं. “गावाकडच्या कादंबरीत हिरो पयल्या पानावर एस.टी.तून उतरते अन् शेवटच्या पानावर एस.टी.त बसून जाते. पन तिकिटाचे सुटे पैसे त्यानं कोठून आनले, हे एकही लेखक सांगत नाई!” आता हे सुचायला माणसानं किती कादंबऱ्या नीट वाचलेल्या असाव्या लागतात! न वाचलेल्या पुस्तकाचा गौरव करता येतो, सत्कार-समारंभांत तो नेहमी होतो. न वाचलेल्या पुस्तकाची अशी नेमकी थट्टा मात्र करता येत नाही. अत्र्यांनी केशवकुमार या नावानं आपल्या काळच्या कवींची विडंबनं लिहिली, ती त्या कविता तोंडपाठ असल्याशिवाय जमली असती का?

आणि विदर्भातल्या माणसानं साहित्यातल्या विनोदाला नाक मुरडावं हे तर मला मुळीच पटत नाही. मराठी विनोदाला ज्यांनी वळण लावलं ते श्रीपाद कृष्ण कोल्हटकर 1871 साली नागपूरला जन्मले आणि त्यांनी खामगाव, जळगाव जामोद इथं वकिली केली. त्यांना गुरू मानणाऱ्या राम गणेश गडकऱ्यांनी 23 जानेवारी 1919 रोजी सावनेरला देह ठेवला. मराठी विनोदाचे हे दोन मोठे धागे आपल्याच मातीत आहेत. मग आमच्या गंजीवरच्या ताईचा विनोद हलका कसा?

थट्टा कुठं थांबवायची हे आमच्या लोकांना कोणी शिकवावं लागत नाही. उद्धव शेळक्यांची ‘धग’ ही कादंबरी 1960 सालची, आपल्या वऱ्हाडी बोलीची. तिची एकच प्रत आमच्याकडे होती. ती वाहकभाऊंच्या बॅगेतून एका गावाहून दुसऱ्या गावी फिरली. निंदणाला जाणाऱ्या बायांमध्ये एक जण मोठ्यानं वाचायची आणि बाकीच्या ऐकायच्या. त्यातली कौतिक आणि तिचा नवरा महादेव यांच्यावरून घराघरात वाद झाले: दोष त्या माणसाचा, का त्याच्यावर आलेल्या वेळेचा? “महादेवाले बोल लावनं सोपं हाय, त्याच्या जागी उभं राहून पाहा,” असं एक आजोबा म्हणाले. “अन् कौतिकच्या जागी कोन उभं राहीन?” असा त्यांच्या सुनेनं लगेच उलटा प्रश्न केला. सासऱ्याशी जिनं एरवी कधी मान वर करून बोललं नसेल, ती सून हे सगळ्यांदेखत बोलली. ‘धग’वर एकानंही विनोद केला नाही.

गटात आम्ही एक नियम पाळतो. पुस्तकाला, पात्राला, लेखकाच्या लिहिण्याला काय बोलायचं ते बोला, पण लेखकाची किंवा वाचणाऱ्याची जात काढायची नाही आणि कोणाच्या बोलीला हसायचं नाही. हा नियम मोडणाऱ्या दोघांना आम्ही बाहेर केलं. त्यातले एक बरेच वजनदार गृहस्थ होते, त्यांचा राग अजून गेलेला नाही. तो तसाच राहिला तरी चालेल.

एक दोष मात्र मान्य करायला हवा, आणि तो सगळीकडेच आहे. कोणाच्याही ओळी कोणाच्याही नावावर फिरतात. पु. ल. देशपांडे किंवा व. पु. काळे यांच्या नावानं जे सुविचार सकाळी सकाळी येतात त्यांतलं बरंचसं त्यांच्या पुस्तकांत शोधून सापडत नाही. उलट एखाद्या वऱ्हाडी कवीची कविता दूरवर फिरते आणि तिच्याखालचं नाव वाटेतच गळून पडतं. म्हणून आम्ही पुस्तकाचं नाव सांगितल्याशिवाय उतारा टाकू देत नाही. आपल्याच भागात रिद्धपूरला तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केलं ते चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्यांच्यापाशी होत्या त्यांना विचारून, पडताळून घेऊनच. त्याच रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ आलं आहे. कोणाचं बोलणं कोणाचं, एवढं तरी आपण जपलं पाहिजे.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते सांगते. बोलणारे वाचक आहेत, पुस्तकं नाहीत. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 पासून आहे. वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत, अनुदान आहे. आमच्या जवळच्या मोठ्या गावात असं एक वाचनालय आहे, त्याचं नाव मी घेत नाही. ते दुपारी उघडं असतं, तेव्हा आम्ही शेतात असतो. संध्याकाळी आम्ही परततो तेव्हा त्याला कुलूप असतं. कपाटात स्पर्धा परीक्षांची जुनी गाइडं आणि कोणी तरी एकगठ्ठा देऊन टाकलेली पुस्तकं आहेत. जी कादंबरी वाचायला पाच गावची माणसं रांगेत आहेत ती तिथं नाही. असायला हवी हे वाचनालयाला कळणार तरी कसं, आम्हाला कोणी विचारलेलंच नाही. शेवटी कोणी तरी चोरीची पीडीएफ टाकतं, आम्ही ती काढून टाकतो, आणि वाचायचं राहूनच जातं. लेखकाला त्याचे पैसे मिळावेत असं आम्हाला मनापासून वाटतं. पण तीन-चारशे रुपयांची कादंबरी म्हणजे आमच्याकडे एका बाईची निदान एक दिवसाची मजुरी.

मागणं फार मोठं नाही. प्रत्येक अनुदानित वाचनालयात मागणीची एक नोंदवही वाचकांच्या हाताशी ठेवावी, आणि नवी खरेदी करताना ती आधी उघडावी. फोनवरून आलेली मागणीही तिच्यात उतरवून घ्यावी. वेळ दुपारऐवजी संध्याकाळी सहा ते नऊ करावी, निदान पेरणी ते वेचणीच्या महिन्यांत. आणि दरवर्षी जिल्ह्याला जो ग्रंथोत्सव होतो त्यातलं एक सत्र व्यासपीठावरच्या भाषणांतून काढून खेड्यातल्या वाचकांना द्यावं. तिथं आम्ही वाचलेल्या पुस्तकांवर भांडू, हसू, आमच्या बोलीत. आमची अंगणवाडीताई यायला तयार आहे. वाहकभाऊ ड्युटी बदलून घेतो म्हणाले. यंदाची कार्यक्रमपत्रिका छापायला जाण्याआधी आयोजकांनी आम्हाला एवढं कळवावं, ही विनंती.

आपली,
एक वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ