रखडलेला अल्बम आणि ड्रमविना रॅप

मा. संपादक,

अमेरिकन रॅपर ‘जे इलेक्ट्रॉनिका’ २००९मध्ये गाजला, पहिला अल्बम मात्र १३ मार्च २०२०ला आला. १० गाणी, जेमतेम ४० मिनिटं. बऱ्याच ठिकाणी ड्रम अगदी विरळ, नुसतं सॅम्पल (जुन्या रेकॉर्डिंगमधून उचललेला तुकडा) फिरत राहतं. त्यामुळे शब्दाला मोकळी जागा मिळते. हे धाडस मोठंच.

सांगली-मिरजेतल्या रॅपर पोरांनो, काम रखडलं की माइक नि खोली बदलते आणि आवाजाचा पोत फाटतो. तो इक्वलायझरने (खर्ज-तार कमीजास्त करणाऱ्या साधनाने) पुरता सांधता येत नाही. जुन्या ओळी एकाच माइकवर पुन्हा घ्या. मास्टरिंगला (गाण्यावरच्या शेवटच्या ध्वनिसंस्काराला) देताना पीक, म्हणजे आवाजाची सर्वांत वरची पातळी, उणे ६ डेसिबलच्या आसपास ठेवा. ६० हर्ट्‌झखालचा बेस मोबाइलवर जवळपास ऐकूच येत नाही, त्याला थोडं सॅच्युरेशन (वरचे सूर उमटवणारी हलकी विकृती) द्या.

– एक श्रोता, सांगली