'पाठ कधी टेकणार?' विचारणाऱ्या शेड्युलिंगच्या दादांना

दादा,

तुमचं नाव टाकत नाही, तुम्हाला आवडणार नाही. पण त्या रात्रीबद्दल फोनवर नुसतं थँक्यू म्हणून माझं समाधान झालेलं नाही, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

प्रायव्हेट जेटवर काम करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, आपल्याकडे रोस्टर कागदावर असतं तेवढंच. मालकाची मीटिंग लांबली की डिपार्चर लांबतं, लवकर उरकली की अलीकडे येतं, आणि हे आधी सेल्सला कळतं, मग ऑप्सला (ऑपरेशन्स), मग विमानतळावरची सोय बघणाऱ्या हँडलिंगला आणि सगळ्यात शेवटी ज्यांनी विमान उडवायचंय त्यांना. त्या रात्रीही तेच. आम्ही उशिरा उतरलो होतो, इंजिनं नुकतीच बंद केली होती, टेकलॉग (विमानाची तांत्रिक नोंदवही) लिहायचा बाकी होता आणि तोवर दुसऱ्या दिवशीची ट्रिप पहाटेवर आलेली. तुमचा फोन वाजला तेव्हा मला वाटलं, रिपोर्ट टाइम, म्हणजे ड्युटीवर हजर व्हायची वेळ, सांगतील आणि ठेवतील. तुम्ही म्हणालात, "ट्रिपचं नंतर बघू. आधी सांगा, अंथरुणाला पाठ कधी टेकणार?"

मी क्षणभर गप्पच झाले. हा प्रश्न मला इतक्या वर्षांत कुणी विचारला नव्हता हो. ड्युटी संपली की कागदावर रेस्ट सुरू होते, पण माणूस काही तिथेच झोपत नाही ना, विमान बंद करून कव्हरं घालायची, गाडीची वाट बघायची, हॉटेलात चेक-इन, काहीतरी पोटात ढकलायचं, घरी एक फोन. मी अंदाजाने वेळ सांगितली आणि तुम्ही फोनवरच तिथून पुढचे तास मोजलेत. मग शांतपणे म्हणालात, "पहाटेचं होणार नाही. सेल्सशी मी बोलतो. आता तुम्हाला कुणाचाही फोन येणार नाही."

आणि खरंच आला नाही. उठले तेव्हा एकच मेसेज होता. रिपोर्ट टाइम झुलूमध्ये (जागतिक प्रमाणवेळ, यूटीसी) आणि लोकलमध्ये दोन्ही, पॅक्स (प्रवासी) किती, केटरिंग कन्फर्म, मेंटेनन्सने विमान कधी रिलीज केलं. चार डिपार्टमेंटचं म्हणणं एका जागी, आणि कुणाचं कुणाशी न जुळणारं असं काही नाही. कॅप्टनने तो दोनदा वाचला आणि म्हणाले, आज कुणाला काहीच विचारायचं नाहीये.

आधीच्या कंपनीत मी काय बघितलंय ते सांगते म्हणजे कळेल मला हे एवढं का भिडलं. तिथे रेस्टमध्ये रात्री अडीचला फोन यायचा की डिपार्चर पुढे गेलंय, झोपा आता निवांत. एकदा आम्हाला चार पॅक्स सांगितलेले आणि केटरिंगवाला नऊ जणांचं जेवण घेऊन विमानाशी उभा, म्हणजे पॅक्स वाढलेले त्याला माहीत आणि आम्हाला नाही, मग फ्युएल, वजन, सगळं पुन्हा मांडायचं. दमलोय म्हटलं की उत्तर ठरलेलं, "लिगल आहात ना?", म्हणजे ड्युटीचे तास नियमात बसतात ना, आणि परतीचा लेग (उड्डाण) रिकामा असेल तर "पॅक्स नाहीत, मग काय प्रॉब्लेम?" विमान रिकामं असलं तरी कॉकपिट रिकामं नसतं, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

याचा मला राग येतो कारण हे फक्त सोयी-गैरसोयीचं नाही. 1993 मध्ये क्यूबातल्या ग्वांतानामो बे इथे एक डीसी-8 कार्गो विमान लँडिंगच्या आधी कोसळलं. ड्युटी संपत आलेल्या क्रूला ऐन वेळी आणखी ट्रिप दिली होती. तिघेही वाचले, पण गंभीर जखमी झाले, आणि अमेरिकेच्या एनटीएसबीने (अपघातांचा तपास करणारी सरकारी संस्था) क्रूचा थकवा हे अपघाताच्या संभाव्य कारणांत स्पष्ट लिहिलं. रात्री साधारण दोन ते सहा शरीर सगळ्यात मंदावलेलं असतं, हे आपल्याला ट्रेनिंगमध्ये शिकवतात. सेल्सला कोण शिकवतं?

तुम्हाला त्या रात्री वरून ऐकून घ्यावं लागलं असणार, क्लायंट मोठा होता. तुम्ही त्यातला एक शब्द आमच्यापर्यंत येऊ दिला नाहीत. चांगला माणूस असाच असतो बहुतेक, समोरच्याचं ओझं स्वतःकडे घेतो आणि बोलूनही दाखवत नाही. अशी माणसं प्रत्येक डिपार्टमेंटला एकेक असती तरी निम्मे वाद झालेच नसते.

हे पत्र तुमच्या मॅनेजरनाही पाठवतेय. शेड्युलिंगबद्दल त्यांच्याकडे फक्त तक्रारी जातात, एकदा हेही जाऊ दे. आणि त्यांना एक विनंती केलीय, तुमचा तो एका मेसेजचा नमुना सगळ्या शिफ्टना द्या, आणि त्यात पहिली ओळ क्रू प्रत्यक्ष कधी झोपणार याची ठेवा.

तुमची,
त्या रात्रीची को-पायलट